आमचं खिचडी इंजिन

चार जुने वर्कशॉपवाले एकत्र बसले की किस्से सांगा म्हणून कुणाला आग्रह करावा लागत नाही. किस्से म्हणजे फिटरच्या खिशातला ऐवज. नट, वॉशर, तारेचा तुकडा, मुद्दाम कोणी जमवत नाही. पण घरी येऊन पँट खुंटीला लावली की खळखळ आवाज येतो. आमच्या राजापेठच्या घरात बायको अजूनही म्हणते, "तुमचे सगळे खिसे झाडले तर एक इंजिन निघेल." निघेल काय, एक निघालंच होतं!

अमरावतीहून परतवाड्याला एक खासगी छोटी लाईन जायची. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता नाही आणि रूळही नाहीत. जाताना माणसं आणि किराणा, येताना कापसाच्या गाठी आणि मेळघाटातलं सागवान, असा कारभार. ओढायला कोळशाची म्हातारी इंजिनं. मी तिथे इलेक्ट्रिक फिटर होतो. साठ-बासष्टच्या सुमाराला आमच्या वर्कशॉपला आपटे साहेब आले, मूळचे पुण्याचे. माणूस सरळ, कपडे पांढरेशुभ्र, बोलणं त्याहून शुभ्र. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की बाहेरून डिझेल इंजिन घेणं आपल्याला झेपायचं नाही, तेव्हा आपण इथेच एक डिझेल-इलेक्ट्रिक बनवायचं. आम्हाला वाटलं, नवीन साहेब आहेत, चार दिवसांत ऊन लागलं की शांत होतील. पण झाले नाहीत.

* * *

डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे काय, हे समजावून द्यायला साहेबांनी सगळ्यांची सभा घेतली. डिझेलवर इंजिन चालतं, इंजिन डायनॅमो फिरवतं, डायनॅमो वीज करतो, ती वीज मोटरींना जाते आणि मोटरी चाकं फिरवतात. फळ्यावर बाण काढकाढून सांगितलं.

आमचे हेडक्लार्क देशमुख मागच्या बाकावर पान चघळत बसले होते. ते उठून म्हणाले, "साहेब, इंजिन फिरूनच राहिलं हाये, तं सरळ चाकच काहून नाही फिरवत? मधात एवढी मंडळी कशाला?"

साहेबांनी खडू खाली ठेवला. त्यांनी विचारलं, एखाद्या खलाशाला, म्हणजे वर्कशॉपातल्या मदतनीस कामगाराला, दोन दिवसांची रजा हवी असली तर तो सरळ माझ्याकडे का येत नाही? आधी तुमच्या टेबलावर, मग फोरमनकडे, मग टाईम ऑफिसात आणि मग माझ्याकडे का येतो?

देशमुखांनी जरा विचार केला. "असं होय," ते बसता बसता म्हणाले, "म्हंजे हे हापिसच हाये, चाकावरचं."

त्यानंतर वर्कशॉपात कुणालाही डिझेल-इलेक्ट्रिक समजावून सांगायची गरज पडली नाही.

* * *

सामान कुठून कुठून आलं ते ऐका. सांगाडा आमच्याच मोडीत काढलेल्या कोळशाच्या इंजिनाचा. मोटरी ट्रामच्या, मुंबईच्या भंगारातून उचललेल्या. डायनॅमो एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीचा. आणि डिझेल इंजिन अकोल्याच्या एका ऑईल मिलचं. साहेब नकाशावर सुंदर अक्षरात 'प्रोटोटाईप' लिहायचे. पण सगळ्यात जुने ड्रायव्हर महादेवराव इंगळे यांनी पहिल्याच दिवशी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे तं खिचडी होय." झालं. साहेबसुद्धा नंतर नंतर फोनवर बोलताना चुकून खिचडी म्हणायचे.

अकोल्याहून इंजिन आलं ते एकटं आलं नाही. ट्रकमध्ये त्याच्या शेजारी गोणपाटावर करीममिस्त्री बसून आले. त्यांची सगळी उमर या इंजिनाची देखभाल करण्यात गेली होती. इंजिन उतरवून झालं, चहा झाला, तरी ते जाईनात. शेवटी साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सकाळी जरा लवकर उठत नाही तो. रागावू नका." आणि डोळे पुसत एस.टी. स्टँडवर गेले.

पुढे ते महिन्या-दीड महिन्याने येत राहिले. येताना काहीतरी आणायचे, कधी वॉशर, कधी कापूस, कधी नुसतीच ख्यालीखुशाली. इंजिनाच्या अंगावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. लेक सासरी कशी आहे ते बघायला बाप येतो, तसंच सगळं. आम्ही चेष्टा करायचो, पण चहा मात्र इमानदारीने पाजायचो.

एकदा आले तर इंजिन डायनॅमोला जोडून झालं होतं. साहेबांनी मोठ्या हौसेने दोन्ही चालू करून दाखवले. जमीन हादरत होती, दिवे लागले होते, साहेबांचा चेहरा तर बघण्यासारखा. करीममिस्त्री बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले. मग साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आपला तो ठीक हाये. पन ज्याच्याशी जोडला ना साहेब, त्याचं घरानं पाहिलं होतं का?"

* * *

आता थोडं गंभीर सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

इंगळ्यांच्या इंजिनावर फायरमन होता सीताराम तायडे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, अंगाने काटक, बोलण्यात अतिशय कंजूष. दिवसभरात दहा शब्द बोलला तर इंगळे विचारायचे, "आज तब्येत बरी हाये ना?" पण त्याच्या हाताला जी चव होती ती अख्ख्या लाईनीवर कुणाच्या हाताला नव्हती. कोळशाच्या इंजिनावर एक रिवाज असतो. भट्टीतून फावडं गरम काढायचं, त्यावर वांगी ठेवायची आणि फावडं पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरायचं. आसेगाव येईपर्यंत वांगी भाजून तयार. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि वरून कच्चं तेल. इंगळे आणि सीताराम एकाच जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटात जेवायचे. त्या काळात कोण कुणाच्या हातचं खातो हे बघणारे बरेच होते. इंगळ्यांच्या इंजिनावर त्यांना चढायची सोय नव्हती.

आपटे साहेबांनी मुंबईच्या हेड ऑफिसला प्रस्ताव पाठवला तेव्हा नव्या इंजिनाचे फायदे एकाखाली एक लिहिले. कोळसा नको, पाणी नको, धूर कमी. आणि शेवटी, भट्टीच नाही म्हणून 'चालवण्यास एकच माणूस पुरतो'. मुंबईला नेमकं तेच वाक्य सगळ्यात आवडलं. उत्तर आलं की चाचणी पास झाली तर इंजिनाला मंजुरी आणि फायरमनची जागा रद्द.

साहेबांनी ते वाक्य लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नुसता आकडा होता. तो आकडा म्हणजे सीताराम, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा पत्र जाऊन उत्तरही आलं होतं. ते स्वतः त्याच्या क्वार्टरवर सांगायला गेले. सीतारामची मुलगी मॅट्रिकला होती, ती ओट्यावर बसून भूमिती करत होती. साहेब तास-दीड तास बसले, तिला दोन प्रमेयं समजावून दिली, चहा घेतला आणि मुद्द्याचं काहीच न बोलता परत आले. सीतारामला अर्थात आधीच कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामावर आला आणि खिचडीचे पाईप घासायला लागला. ज्या इंजिनाने त्याची नोकरी जाणार होती त्यालाच तो घासूनपुसून चकाचक करत होता. आम्हा सगळ्यांना ते बघवत नव्हतं, आणि थांबवायचं कसं हेही कुणाला सुचत नव्हतं.

* * *

पण वर्कशॉपचं काम म्हटलं की हसू काही थांबत नाही.

डायनॅमोवर पूर्ण लोड टाकून बघायचा होता. त्यासाठी लोखंडी टाकीत मिठाचं पाणी भरून त्यात लोखंडाच्या पट्ट्या सोडतात आणि वीज त्यातून जाऊ देतात. सगळी ताकद पाण्यात जाते आणि पाणी उकळायला लागतं. आम्ही हे सुरू केलं पौषात, कडाक्याच्या थंडीत. दोन दिवसांत कॉलनीभर बातमी पसरली की साहेबांनी मोठा बंब आणलाय!

साहेब दर अर्ध्या तासाने रीडिंग घ्यायचे आणि रीडिंग काही जागेवर राहायचं नाही. त्यांनी वायरिंग तपासलं, डायनॅमो तपासला, मला दोनदा वर-खाली बघितलं. खरा प्रकार असा की चाचणी थांबली की मागच्या दाराने बादल्यांची रांग लागायची. गरम पाणी जायचं, तेवढंच गार पाणी पडायचं, आणि मीठ दर खेपेला कमी व्हायचं. एरवी बोटभर मळ चढलेल्या अंगाने येणारे खलाशी त्या आठवड्यात न्हाऊन-धुऊन भांग पाडून येत होते, तेव्हाच साहेबांना शंका यायला हवी होती.

शेवटी त्यांनी रांग पकडली. चांगले संतापले. हा सरकारमान्य प्रयोग आहे, न्हाणीघर नाही, वगैरे बरंच बोलले. बोलत असताना त्यांची नजर रांगेतल्या एका पितळी बादलीवर गेली. बादली ओळखीची होती. ती धरून साहेबांच्याच बंगल्यावरचा शिपाई उभा होता. साहेब तसेच वळून निघून गेले.

त्या पाण्यात पट्ट्यांचा गंज उतरलेला असायचा, हे आपटे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं; त्यांनी त्यात कपडे भिजवले. सोमवारी साहेब ऑफिसात आले ते शर्ट, पँट, रुमाल सगळं फिकट भगवं! सगळे माना खाली घालून काम करत राहिले. फक्त देशमुखांनी उठून नमस्कार केला आणि विचारलं, "साहेब, मोझरीच्या आश्रमात जाऊन आले का?"

* * *

पुढचा घोळ शिट्टीचा. खिचडीला आम्ही परतवाड्याच्या एका लाकडाच्या ट्रकचा भोंगा बसवला होता. इंगळ्यांना ते मान्य नव्हतं. गाडी येते आणि ट्रकसारखी ओरडते, लोक रस्त्याकडे बघतात आणि रूळ ओलांडतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पण त्याहून खरं असं की वलगावच्या पुढे रुळाला लागूनच त्यांची सासुरवाडी होती. लग्न झाल्यापासून त्या घरासमोरून जाताना ते लांबलचक शिट्टी द्यायचे आणि सासूबाई अंगणात येऊन पदर सावरायच्या. आता ट्रकचा भोंगा वाजवून जावई जाणार, हे त्यांना पटेना.

म्हणून जुन्या इंजिनाची पितळी शिट्टी काढून ती दाबाच्या हवेवर चालेल अशी बसवली. आवाज फक्कड निघाला. फक्त एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. ब्रेकही त्याच हवेवर होता. शिट्टी लांबली की हवा कमी व्हायची, आणि हवा कमी झाली की ब्रेक आपोआप लागायचा.

पहिल्या फेरीला वलगाव सुटलं. सासुरवाडी दिसली. इंगळ्यांनी मान ताठ केली आणि मनसोक्त शिट्टी दिली. गाडी हळू हळू होत बरोबर सासूबाईंच्या अंगणासमोर येऊन उभी राहिली आणि हलेना.

आम्ही खाली उतरून पाईप बघायला लागलो. तेवढ्यात म्हातारी तांब्या-भांडं घेऊन लगबगीने रुळापर्यंत आली. इतकी वर्षं शिट्टी मारून निघून जाणारा जावई आज थांबला म्हणून तिला काय करू आणि काय नको असं झालं होतं. इंगळे तिला पाईपचं काही सांगायला गेले, पण तिने ऐकून घेतलं नाही. "राहू द्या जवाई," ती म्हणाली, "आले ना, बस. काहून आले ते मी नाही इचारत." शिरा खाऊनच आम्ही पुढे निघालो.

शिट्टीसाठी वेगळी टाकी बसवायचं मी दुसऱ्याच दिवशी म्हणालो. इंगळे म्हणाले, एवढी काय घाई.

* * *

खिचडीवर एक गोष्ट मात्र खरोखर नवलाची होती, विजेचा ब्रेक. उतारावर गाडी आपणच धावते, तेव्हा मोटरी उलट वीज तयार करतात. ती वीज लोखंडी पट्ट्यांच्या एका मोठ्या जाळीत सोडून द्यायची. पट्ट्या तापतात आणि गाडीचा वेग मरतो. ही जाळी आम्ही ड्रायव्हरच्या खोलीमागे, झाकणाखाली बसवली होती. आमच्या लाईनीवर उतार असा एकच, आसेगावजवळ पूर्णेच्या पुलाकडे जाणारा. मुंबईचं मत होतं की सपाट वऱ्हाडात असला ब्रेक म्हणजे निव्वळ चैन, तो काढूनच टाका. साहेब अडून बसले होते.

साहेबांनी पहिल्यांदा तो लावून दाखवला तेव्हा जाळी आधी काळी, मग जांभळी, मग लालभडक झाली. सगळे मागे सरले. सीताराम तेवढा जवळ गेला. भट्टी सुटल्यापासून त्याच्या हातांना काम नव्हतं. सवयीने फावडं घेऊन यायचा आणि कोपऱ्यात टेकवून ठेवायचा. त्या दिवशी तो जाळीवर हात धरून धग घेत बराच वेळ उभा राहिला.

* * *

चाचणीचा दिवस आला. मुंबईहून डायरेक्टर शहा साहेब आले, सोबत टिपणं घ्यायला एक बाबू. मागे पूर्ण लोडच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. शहा साहेबांना ड्रायव्हरच्या खोलीतच खुर्ची दिली. मी मीटरपाशी, आपटे साहेब शेजारी, इंगळे हँडलवर आणि सीताराम दारात. त्याची या इंजिनावरची ही शेवटचीच फेरी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आपटे साहेब त्याच्याकडे बघतही नव्हते.

खिचडी त्या दिवशी सुरेख चालली. इंगळे मात्र विचित्र गाडी चालवत होते. रूळ सपाट, स्टेशन अजून लांब, तरी विजेचा ब्रेक लावायचे. वलगावला लावला, पुढच्या फाटकाला लावला, एका म्हशीसाठी लावला. ती म्हैस शेतात होती. शहा साहेब बाबूला म्हणाले, "ड्रायव्हर सावध आहे, लिहून घ्या." मधूनमधून सीताराम बाहेरच्या फळीवरून मागे जाऊन यायचा. हा माणूस सारखा कुठे जातो, असं शहा साहेबांनी विचारल्यावर इंगळे म्हणाले, "ब्रेक पाहाले."

पूर्णेचा उतार लागला. इंगळ्यांनी ब्रेक पूर्ण ओढला. गाडी लगाम खेचल्यासारखी सावरली आणि त्याच क्षणी जळका वास आला.

"काहीतरी जळतंय," शहा साहेब म्हणाले.

आपटे साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मोटर गेली, असंच त्यांना वाटलं. इतक्या वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत जळाली. त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं, वाळूची बादली उचलली आणि मागे धावले. मागोमाग आम्ही सगळे. जाळीचं झाकण उघडलं.

आत सहा वांगी होती. तजेलदार काळी, सालं फुटायला आलेली.

आपटे साहेब हातात बादली धरून तसेच उभे. एवढ्यात एक वांगं एका बाजूने करपायला लागलं. सीतारामने सगळ्यांमधून हात घालून ते नुसत्या बोटांनी उलटवलं.

शहा साहेबांनी हे काय आहे म्हणून विचारलं. इंगळे म्हणाले, "भरीत, साहेब. अजून व्हाचं हाये."

पुढचा अर्धा तास चाचणी पुलाच्या अलीकडे बाभळीखाली उभी होती. सीतारामने दारामागून फडकं काढलं, त्यात भाकरी, मिरच्या, पात आणि तेलाची बाटली. फावड्यावरच भरीत कालवलं. शहा साहेबांना डॉक्टरांनी बिस्किटांवर ठेवलं होतं. त्यांनी पहिला घास चव बघायला म्हणून घेतला. नंतरचे घास कशासाठी घेतले ते त्यांनी सांगितलं नाही. बाबूने टिपणाची वही बगलेत मारून दुसरी भाकरी मागितली.

हात धुऊन शहा साहेब पुन्हा साहेब झाले. आपटे साहेबांना म्हणाले, "इंजिन चांगलं आहे. पण तुम्ही लिहिलंय की चालवायला एकच माणूस पुरतो."

आपटे साहेब उगाच बाभळीकडे बघायला लागले. स्वतःचंच वाक्य, नाही कसं म्हणणार! सीताराम फावडं मातीने घासत होता, त्याचा हात थांबला.

इंगळे पुढे झाले. "चालवाले एकच पुरते, साहेब. आपटे साहेबानं खोटं नाही लिहिलं. ब्रेक मी लावतो. पन तवा वांगं कोन पलटवन?"

शहा साहेबांनी इंगळ्यांकडे बघितलं, मग जाळीकडे, मग फावड्याकडे. कुणीही हसलं नाही. मग ते बाबूकडे वळून म्हणाले, "ब्रेक राहू द्या. आणि माणसं दोन लिहा."

गाडी सुटली. पूल ओलांडला, आसेगाव मागे पडलं. आपटे साहेब खिडकीबाहेर तोंड करून सारखा चष्मा पुसत होते. बऱ्याच वेळाने शहा साहेबांनी घसा साफ केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "परत येताना उतार लागतो का?"

आपटे साहेब वळले आणि नकाशा उघडून परतीच्या बाजूचा चढ-उतार समजावून सांगायला लागले. तेवढ्यात दारातून सीतारामचा आवाज आला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"तुमी भूक लागली का नुसतं सांगजा, साहेब. उतार आमी पाहून घेतो."